गाडीच्या पुढं चाललेला टांगा

मी वकील आहे. इथल्याच कोर्टात निम्म्याहून जास्त आयुष्य गेलं. कुणी काही सांगायला लागलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो – तुम्ही स्वतः पाहिलं का? की ऐकीव? या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतेय, पण खरं सांगू का... चहाबरोबर गंमत म्हणून. एकेकाला मनातल्या मनात उलटतपासणीला उभं करायचं आणि पाचव्या प्रश्नात आडवं पाडायचं, हा माझा रविवारचा विरंगुळा. भूत-पिशाच्च, चकवा, अंगात येणं – आमच्या घरात यातलं काही चालत नाही. वडील इंजिनिअर, नवरा कारखान्यात, मी ही अशी.

त्यामुळं हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. घाबरायला मिळेल म्हणून वाचत असाल तर आधीच सांगते – निराशा होईल. त्या दिवशी आम्ही कुणी घाबरलोच नाही. तेवढी सवडच मिळाली नाही.

आधी माणसं सांगते. माझे वडील, अण्णा. मूळ गाव पिशोर, कन्नड तालुक्यातलं. घरची शेती. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यानंतर त्यांना शिकायला शहरात मामाकडं ठेवलं. मामाचं घर शहागंजच्या मागं भाड्याचं. पुढं अण्णा पाटबंधारे खात्यात लागले, पैठणच्या धरणावर बरीच वर्षं होते, रिटायर झाले. मी एकुलती एक, म्हणून आई गेल्यापासून ते माझ्याकडं सिडकोत.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू बरीच सुधारली, काठी घेऊन चालायला लागले. पण बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, समजतही सगळं होतं, फक्त शब्द सापडायचे नाहीत. एकच शब्द शिल्लक राहिला होता – ‘मंगळवार’. का, ते देव जाणे. चहा हवा का? मंगळवार. पाय दुखतोय का? मंगळवार. रागावले तरी मंगळवारच, फक्त जरा जोरात. सुरुवातीला आम्ही हसायचो, तेही हसायचे. मग हसेनात. शेवटी शेवटी तर तेवढंही बोलेनात. बोलण्याचा व्यायाम घ्यायला बाई यायच्या, तर हे भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवण निम्म्यावर आलेलं. डॉक्टर म्हणाले, “यांनी स्वतःच मनावर घेतलं नाही तर आपण बाहेरून काही करू शकत नाही.” दिवसभर तोंडानं भांडून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात तिचा बाप मुका... ते वर्ष लई जड गेलं.

दुसरं माणूस, माझ्या विहीणबाई. सुनंदाताई. साताऱ्याच्या. पोरांचं लग्न होऊन काहीच महिने झाले होते आणि त्या पहिल्यांदाच आमच्याकडं राहायला आल्या होत्या. बाई मनानं सोन्यासारखी, पण साताऱ्याचा अभिमान असा की विचारू नका. कंदी पेढे घेऊन आल्या ते आल्या, वर “तुमच्याकडं पाहण्यासारखं म्हणजे तो एक मकबराच ना?” म्हणाल्या.

झालं. म्हटलं, उद्या रविवार. ताई, तुम्हाला आमचं शहर दाखवतेच.

रविवारी नवऱ्याची चितेगावला कंपनीत शिफ्ट होती. अण्णांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनाही पुढच्या सीटवर बसवलं. ते नको-नको करत होते, हातानंच. पण सुनंदाताईंनी त्यांच्या गळ्यात मफलर अडकवला आणि म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही नसलात तर ताई मला काहीही खोटा इतिहास सांगतील. लक्ष ठेवायला चला.” तेव्हा कुठं निघाले.

थंडीचे दिवस, कोवळं ऊन. मी गाडी चालवतेय आणि तोंडानं इतिहास. संभाजीनगर हे आत्ताचं नाव, त्याआधी औरंगाबाद – अण्णांच्या वयाच्या माणसांच्या तोंडी अजून तेच – आणि त्याच्याही आधी खडकी. मलिक अंबरानं वसवलेली. दरवाजांचं शहर. आधी मकबरा झाला. सुनंदाताईंनी तो डोळे भरून पाहिला आणि म्हणाल्या, “ताजमहालाची झेरॉक्स छान आहे हो.” मी गिळून टाकलं. नवीन नातं होतं.

मग पाणचक्की. ही अण्णांची आवडती जागा. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून एवढ्या लांब आणलं आणि त्यावर जातं फिरवलं. लहानपणापासून मी त्यांच्याकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. कुणी पाहुणा आला की अण्णा त्याला हौदाच्या काठावर उभं करायचे आणि पाणी वर कसं चढतं हे हातवारे करून सांगायचे.

सुनंदाताईंना काय माहीत. त्यांनी सहज विचारलं, “पण पाणी वर चढतं कसं?”

अण्णांनी चटकन मान वर केली. डावा हात उचलला. तोंड उघडलं. “मंगळ...” एवढंच आलं. मग हात खाली घेतला आणि हौदातल्या माशांकडं बघत राहिले. मला तिथं उभंच राहवेना. सुनंदाताईंनी मात्र त्यांच्या कोपराला धरलं आणि म्हणाल्या, “राहू द्या अण्णा. मी परत येईन तेव्हा सांगा. साताऱ्याहून मुद्दाम येईन.” त्या क्षणी मी त्यांना झेरॉक्सची माफी देऊन टाकली.

आता बेत असा होता – भडकल दरवाजावरून जुबली पार्क, तिथून सिटी चौक, मग उजवीकडं वळून गुलमंडी. गुलमंडीला इम्रती खायची, हिमरूची शाल बघायची आणि घरी. भडकल दरवाजापाशी मी गाडी बाजूला घेतली. मुघलांना हरवल्याची आठवण म्हणून मलिक अंबरानं हा बांधला वगैरे सांगितलं, आणि परत निघाले.

शंभर पावलं गेलो नसू, मागून सुनंदाताई म्हणाल्या, “अय्या, तुमच्याकडं अजून टांगे चालतात?”

“टांगे? नाही हो. कधीच बंद झाले.”

“मग हे काय वाजतंय?”

मी काच खाली केली. टप् टप् टप् टप्... डांबरी रस्त्यावर नाल वाजावेत तसं, आणि मध्येच घंटी. पायानं दाबून वाजवतात ना, ती. ठण् – ठण्. आवाज आमच्या मागून येत होता. मी आरशात पाहिलं – एक रिक्षा, दोन मोटरसायकली, एक पाण्याचा टँकर. मला वाटलं, लग्नाची घोडी असेल गल्लीत.

आवाज जवळ आला, आमच्या उजव्या अंगानं गेला, आणि पुढं निघाला. अगदी गाडीनं ओव्हरटेक करावं तसा. माझ्या खिडकीशेजारून गेला तेव्हा घोड्याच्या फुरफुरण्याचा आवाजसुद्धा मी ऐकला. बाहेर काही नव्हतं. नुसता ऊन पडलेला रस्ता.

“ताई... गेला बघा पुढं,” सुनंदाताई म्हणाल्या. मग एकदम, “पण काय गेलं?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात अण्णांकडं लक्ष गेलं. ते सीटवर पुढं सरकून ताठ बसले होते. पट्टा ताणला गेलेला. डोळे समोर, आणि चेहरा... वर्षभरात असा चेहरा पाहिला नव्हता. शाळा सुटल्यावर पोरांचा असतो तसा.

सिटी चौकात मी उजवीकडं इंडिकेटर दिला. आवाज सरळ चालला होता, शहागंजकडं. अण्णांनी डाव्या हातानं डॅशबोर्डवर थाप मारली आणि बोटानं सरळ दाखवलं.

“अण्णा, गुलमंडी उजवीकडं आहे.”

परत थाप. परत बोट सरळ.

“अहो, जाऊ द्या ना त्यांच्या मनासारखं,” मागून हुकूम. “इम्रती काय पळून जाते?”

मी इंडिकेटर बंद केला. रविवारचा बाजार, सराफ्याचा रस्ता. एरवी त्या रस्त्यावर गाडी घालायची म्हणजे मी दोनदा विचार करते. हातगाड्या, स्वेटरवाले, फळवाले, मधूनच बुरख्यातल्या बाया, शेळ्या. त्या दिवशी कसं कोण जाणे, गाडी लोण्यासारखी जात होती. टप् टप् टप् पुढं आणि आम्ही मागं. मी हॉर्नसुद्धा दिल्याचं आठवत नाही. सुनंदाताई दोन सीटच्या मधून मान पुढं काढून बसल्या होत्या आणि हसत होत्या. मलाही हसू येत होतं. का येत होतं ते विचाराल तर सांगता येणार नाही.

शहागंजच्या चमनपाशी, म्हणजे तिथल्या बागेपाशी, घड्याळाच्या मनोऱ्याच्या अलीकडं, आवाज थांबला. घोडा थांबताना दोन-चार टापा जागच्या जागी वाजवतो, तशा वाजल्या. घंटी एकदा. मग काहीच नाही. नेहमीचा गोंगाट तेवढा राहिला.

मी गाडी कडेला लावली. समोरून, चेलीपुऱ्याच्या अंगानं, एक पांढरी गाडी आली आणि आमच्या पुढ्यात तोंडाला तोंड लावून थांबली. तेलंगणाची नंबरप्लेट. ड्रायव्हरच्या सीटवरून पंचविशीतली एक मुलगी उतरली, इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ माझ्या खिडकीशी आली.

“आंटी, इधर कोई टाँगा आया क्या? दिल्ली गेट से हम लोगां उसकेच पीछे आ रहे थे. आवाज आ रा, टाँगा दिखताच नहीं.”

मंडळी, कोर्टात साक्षीदार उलटला की माझी जी अवस्था होते ना, ती झाली. सुनंदाताईंनी मागून स्पष्ट हिंदीत सांगितलं, “हमको भी दिखा नहीं, लेकिन वो इधर ही रुका.”

त्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ उतरत होते. उंच, किडकिडीत, राखाडी स्वेटर, डोक्याला लोकरीची टोपी. दाराला धरून उभे राहिले आणि चमनकडं, घड्याळाकडं बघायला लागले.

माझ्या शेजारी पट्ट्याचा खटका वाजला. अण्णांनी स्वतः पट्टा काढला, स्वतः दार उघडलं. काठी गाडीतच. मी “अण्णा!” म्हणून दुसऱ्या बाजूनं धावले, तोवर ते दाराला धरून उभे राहिले होते. आणि त्यांनी छाती भरून घेतली आणि ओरडले –

“बाऽजू! बेगम आ रहीऽऽ!”

स्वच्छ. एक अक्षर अडखळलं नाही. फळवाला दचकून वळला. दोन-तीन माणसं खरंच बाजूला झाली.

समोरचे म्हातारे जागच्या जागी थिजले. मग हळूहळू त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी असा काही हसायचा आवाज काढला की त्यांची नात घाबरून पळत गेली. “नाना! क्या हुआ?” त्यांनी तिला हातानंच दूर केलं आणि दोन्ही हात पसरून आमच्याकडं चालत आले.

“पिशोर? अरे बाबू पिशोर? तू जिंदा है रे?”

“इक्बाल,” अण्णा म्हणाले. “इक्बाल. इक्बाल.” मी मोजायचं सोडून दिलं. वर्षभर मंगळवार ऐकलेल्या कानांना तो शब्द कसा वाटला असेल, तुम्हीच समजा. दोन म्हातारे रस्त्याच्या मध्ये एकमेकांच्या गळ्यात पडून हसतायत, रडतायत, मध्येच एकमेकांच्या टोप्या-मफलर ओढतायत. मी, ती मुलगी सना आणि सुनंदाताई – आम्ही तिघी त्यांना धरून उभ्या, पडू नयेत म्हणून. फळवाल्यानं आपणहून दोन स्टुलं आणून ठेवली.

मग सगळं कळलं ते घरी, जेवताना. गुलमंडी राहिली. सुनंदाताईंनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि पिठलं-भाकरी केली, आणि इक्बालभाईंनी ती बोटं चाटत खाल्ली. म्हणाले, अशी भाकरी बाबूच्या मामीनंतर आज.

हे दोघं शाळेत एका बाकावर. मामाच्या घरासमोर इक्बालभाईंचं घर, त्यांचे वडील सरकारी नोकरीत. नबीचाचा म्हणून एक टांगेवाले दोघांना शाळेला सोडायचे. त्यांच्या घोडीचं नाव बेगम. चाचा गर्दीत शिरले की खणखणीत आवाजात ओरडायचे, “बाजू! बेगम आ रही!” शहरात नवीन असलेला माणूस कुणी मोठ्या घरची बाई येतेय समजून अदबीनं बाजूला व्हायचा, मान खाली घालायचा... आणि मग समोरून यायची हाडं मोजून घ्यावीत अशी एक घोडी आणि मागं दोन पोरं खिदळत. इक्बालभाई सांगत होते आणि अण्णा टेबलावर हात आपटून हसत होते.

भाषावार प्रांत झाले तेव्हा इक्बालभाईंच्या वडिलांची बदली हैदराबादला झाली. मामानंही घर बदललं. पत्ता तुटला. आता त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा गाव बघून येतो, जमलं तर बाबूला शोधतो, म्हणून नातीला घेऊन गाडीनं आले होते. पण मित्राचं आडनाव त्यांना आठवत नव्हतं. आठवत नव्हतं म्हणजे कधी माहीतच नव्हतं! बाबू आणि पिशोर, एवढंच. आदल्या दिवशी दोघं पिशोरला जाऊनही आले.

“पूरे गाँव में पूछे,” सना म्हणाली. “चार बाबू लाके खडे कर दिए हमारे सामने. एक तो मेरे से छोटा था.”

त्या संध्याकाळी ते परत निघणार होते. शेवटचं म्हणून जुन्या शहरातून एक चक्कर मारत होते, आणि दिल्ली दरवाजापाशी टापांचा आवाज आला. इक्बालभाई नातीला म्हणाले, चल पीछे, पुराना टाँगा दिख रा कोई, फोटो निकालेंगे.

आता उलटतपासणी. मी ती केलीच, सवयच आहे. दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर शहागंजला गेले. फळवाला, स्वेटरवाला, चमनच्या कोपऱ्यावरचा चहावाला – सगळ्यांना विचारलं. “टाँगा? मॅडम, जमाना हुआ.” घोडी? वरात? काही नाही. कुणी काही ऐकलेलं नाही.

अण्णांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बोलणं परत यायला असा एखादा धक्का कारण ठरू शकतो, आणि लहानपणी पाठ झालेली आरोळी आधी बाहेर पडणं यातही नवल नाही. मान्य. लिहून घेतलं. गंमत म्हणजे अण्णांचं बोलणं परत आलं ते आधी उर्दूतच आलं. निजामाच्या काळातल्या पहिल्या इयत्ता उर्दूत झालेल्या. दोन-तीन आठवडे आमच्या घरात “चाय लाव”, “बत्ती बुझाव” असंच चाललं होतं. कामवाल्या मावशी भांबावल्या. मग हळूहळू मराठी आली, अडखळत, पण आली. व्यायामाच्या बाई आल्या की आता हेच त्यांना सोडत नाहीत. इक्बालभाईंचं ऑपरेशन नीट झालं. रोज सकाळी दोघांचा व्हिडिओ कॉल असतो, अर्धा वेळ “आवाज आ रा क्या?” यातच जातो. सुनंदाताई बोलल्याप्रमाणं मुद्दाम आल्या, पाणचक्कीवर उभं राहून पाणी कसं चढतं ते अण्णांकडून पूर्ण ऐकलं. मला फोन करून कुजबुजल्या, “ताई, काही कळलं नाही, पण मी हो हो म्हटलं.”

तर, बोलण्याचं समजलं. भेटीला योगायोग म्हणा, तेही चालेल. पण दोन गाड्या, दोन वेगळ्या दरवाजांकडून, एकाच आवाजामागं? दोन ठिकाणी एकाच वेळी?

सनाच्या गाडीत पुढच्या काचेला कॅमेरा होता. तिनं नंतर ते रेकॉर्डिंग पाठवलं. मी ते ऑफिसात बसून पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यात टापांचा आवाज नाही. घंटी नाही. सनाचा आवाज आहे – “नाना, सुने?” आणि इक्बालभाईंचा – “हौ, चल, चल.” पण चेलीपुऱ्याच्या त्या रस्त्यावर, गाडीच्या बरंच पुढं, माणसं बाजूला होताना दिसतात. एक बाई पोराचा हात धरून मागं ओढते. एक केळीवाला हातगाडी सरकवतो. त्यांच्यातलं कुणीही गाडीकडं पाहत नाहीये, आणि मधली जागा रिकामी आहे. मग ती माणसं परत रस्त्यावर येतात, आपापल्या कामाला लागतात.

हे मी अण्णांना बरेच दिवस दाखवलं नव्हतं. म्हटलं, उगाच डोक्याला ताण नको. मागच्या महिन्यात दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिलं.

मी विचारलं, “अण्णा, खरं सांगा. काय होतं ते?”

“काय म्हणजे? टांगा व्हता,” अण्णा म्हणाले.

“तुम्हाला दिसला?”

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू बोलणं माझंच गेलंय.

“म्हणजे? तुला दिसत नव्हता? मग तू त्याच्या मागं मागं एवढी नीट गाडी कशी चालवलीस?”

कोर्टात मला पुढचा प्रश्न सुचला नाही असं क्वचित होतं. त्या दिवशी सुचला नाही. अजूनही सुचलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर कळवा.